चव्हाट्यावरची भांडणं

ऑक्टोबर लागला की बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी रंगीत छत्र्या दिसायला लागतात. पाऊस असो वा नसो, छत्री उघडीच. तिच्याखाली गाइड आणि त्याच्याभोवती नुकतीच विमानातून उतरलेली, कुठकुठल्या देशांतली मुलंमुली. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र याच महिन्यात सुरू होतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या आठवड्यात कँटीनची ओळख, ग्रंथालयाचं कार्ड आणि पबची फेरी यांच्या जोडीला 'सिटी टूर' ठेवलेली असते. दरवाजा, संसद, ज्यूंच्या स्मारकाचे करडे ठोकळे, हिटलरचा बंकर जिथे होता ती मोटारी लावायची जागा, चेकपॉइंट चार्ली, मग उंटर डेन लिंडनवरून चालत संग्रहालयांच्या बेटापाशी समारोप. अडीच तासांत आठशे वर्षं. मुलं फोटो काढतात, एकमेकांचे नंबर घेतात आणि दुसऱ्या दिवशी पत्ता नोंदवण्याच्या अपॉइंटमेंटमागे लागतात.

यात वाईट काही नाही. परक्या गावात जीव रमावा, चार ओळखी व्हाव्यात, एवढ्यासाठीच ही फेरी असेल तर ती आपलं काम चोख करते. आक्षेप आहे तो निराळा. पर्यटकाला जे दाखवतात तेच सवलतीच्या दरात दाखवलं की विद्यार्थ्याला शहर दाखवून झालं, असं विद्यापीठांनीही धरून टाकलंय आणि विद्यार्थ्यांनीही. पर्यटक चौथ्या दिवशी घरी जातो. विद्यार्थी दोन वर्षं राहतो, भाडं भरतो, सुपरमार्केटात पेट्या उचलतो, पगारातून कर कापून देतो. भारतातून जाणारे बहुतेक तर पुढे नोकरी धरून तिथेच राहायच्या बेताने आलेले असतात. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सगळ्यांत मोठी आहे; २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ती पन्नास हजारांच्या घरात होती. एवढ्या माणसांना शहराची शोभा दाखवून भागणार नाही. त्यांना शहराची भांडणं दाखवायला हवीत. कुठल्या दगडावरून कोण कुणाशी भांडलं, कुणाचं खरं झालं, कोण अजून रुसून बसलंय, हे सगळं. संपलेल्या इतिहासापुढे नवख्याला मान हलवण्याखेरीज काही करता येत नाही. चालू भांडणात त्यालाही जागा असते, निदान ऐकणाऱ्याची.

घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नयेत, आणि पाहुण्यासमोर तर मुळीच नाही, अशी आपली शिकवण. बर्लिनने आपली बरीचशी भांडणं चव्हाट्यावरच मांडून ठेवली आहेत, म्हणून उदाहरण त्याच शहराचं.

आधी पैशाचं बोलू, कारण गाइड काय सांगतो हे पुष्कळदा त्यावर ठरतं. 'फुकट' म्हणवणाऱ्या फेऱ्यांत गाइडला पगार नसतो. शेवटी मुलं हातावर जे ठेवतील ते त्याचं, आणि अनेक ठिकाणी त्यातूनही आणलेल्या प्रत्येक डोक्यामागे ठरावीक रक्कम कंपनीला द्यावी लागते. साहजिकच प्रत्येक थांब्यावर एक हशा किंवा एक शहारा निघावाच लागतो. बंकरच्या जागी बघण्यासारखं काही नाही. गाड्या, मागे पूर्व जर्मनीच्या काळातल्या इमारती, आणि २००६च्या फुटबॉल विश्वचषकाआधी लावलेला माहितीचा एक फलक. तरी एकही घोळका तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही, कारण हिटलरच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट खपते. चेकपॉइंट चार्लीवर तर २०१९पर्यंत खोट्या गणवेशातले सैनिक पैसे घेऊन फोटोला उभे राहायचे. अखेर प्रशासनाने ते बंद केलं. हा धंदा आहे आणि धंदा म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण स्वागताच्या आठवड्यातली विद्यापीठाची फेरीही बहुतेक याच वाटेने जाते, आणि विद्यापीठाच्या पोटात जे आहे ते तिच्यातून गळतं.

बेबेलप्लाट्झचंच घ्या. हुम्बोल्ट विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर रस्ता ओलांडला की हा दगडी चौक. चौकाच्या मधोमध फरसबंदीत काचेचा एक चौकोन बसवलाय. १९९५ साली मिखा उल्मन या इस्रायली शिल्पकाराने तिथे जमिनीखाली एक खोली केली. पांढऱ्या रिकाम्या फडताळांची, सुमारे वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. दिवसा गेलात तर पहिल्यांदा काही दिसत नाही. काचेवर ओरखडे असतात, आतून कधी दमट धुकं धरलेलं असतं, आणि वर आभाळ आणि वाकून बघणाऱ्यांचे चेहरे उमटतात. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून जवळजवळ गुडघ्यावर बसावं, तेव्हा कुठे फडताळाच्या कडा दिसायला लागतात. घोळक्यातली पहिली पाचसहा मुलं वाकतात आणि बाकीची त्यांचे फोटो काढतात. गाइड सांगतो की १० मे १९३३ रोजी नाझींनी इथे पुस्तकं जाळली.

खोटं काही नाही त्यात. पण 'नाझी' म्हटलं की डोळ्यांसमोर गणवेश आणि बूट येतात. त्या रात्रीच्या होळ्या विद्यार्थी संघटनेने ठरवल्या होत्या. याद्या विद्यार्थ्यांनी केल्या, भित्तिपत्रकं विद्यार्थ्यांनी लावली, ग्रंथालयांतून पुस्तकं विद्यार्थ्यांनी बाहेर काढली, आणि काही प्राध्यापक झगे घालून मशालींच्या मिरवणुकीत चालले. गोबेल्स भाषणाला आला तो बोलावलेला वक्ता म्हणून. चार दिवस आधी माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिकतेवर संशोधन करणारी संस्था लुटली गेली, तिथेही पुढे विद्यार्थीच होते; त्या संस्थेचं ग्रंथालय याच चौकात जळलं. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना त्या काचेभोवती उभं करून हे सांगायचं नाही, तर मग त्यांना तिथे आणायचं कशाला?

तिथल्या फलकावर कवी हाइनेच्या 'अल्मान्सोर' नाटकातलं पुस्तकं जाळण्याबद्दलचं वाक्य आहे. गाइड ते वाचून दाखवतात. नाटकात त्या वाक्याला निमित्त ग्रनाडात जाळल्या गेलेल्या कुराणाचं आहे, हे मात्र सहसा राहून जातं. गटात मोरोक्कोची, बांगलादेशाची, मालेगावची मुलं असली तर एवढ्या माहितीने तो फलक त्यांच्यासाठी बदलतो. तोवर तो जर्मनांनी ज्यूंचं काय केलं याबद्दलचा असतो. मग कुणीही कुणाचं काय करू शकतं, याबद्दलचा होतो.

पीटर आयझेनमन यांनी केलेल्या, २००५ साली खुल्या झालेल्या ज्यूंच्या स्मारकात २,७११ काँक्रीटचे ठोकळे आहेत. आकडा सगळे गाइड सांगतात. ठोकळ्यांवर कुणी काही लिहू नये म्हणून जो लेप दिला, त्याची गोष्ट अभावानेच ऐकू येते. २००३ साली लक्षात आलं की हा लेप डेगुसा कंपनीचा आहे, आणि तिच्याच एका उपकंपनीने विषारी वायूच्या कोठड्यांसाठी त्सिक्लोन-बी पुरवला होता. काम थांबलं. वाद झाला. कंपनीला हाकलावं, तर आजच्या जर्मनीतल्या किती कंपन्या धुतल्या तांदळासारख्या निघतील? ठेवावं, तर ज्यांच्यासाठी स्मारक, त्यांच्या नातलगांना काय सांगायचं? अखेर त्याच कंपनीचा लेप ठेवून काम पुढे गेलं. आपल्याकडून जर्मनीत जाणारी निम्म्याहून अधिक मुलं अभियांत्रिकीची. केमिकल, मेकॅनिकल, मटेरिअल्स. त्यांच्या नोकऱ्या अशाच कंपन्यांत लागणार आहेत. ठोकळ्यांच्या रांगांत उभं राहून त्यांच्यापुढे मांडायचा प्रश्न हाच आहे. स्थापत्यशैलीवरच्या व्याख्यानाने तो सुटत नाही.

गुंटर डेम्निग या कलावंताने फुटपाथांवर बसवायला सुरुवात केलेल्या पितळी चौकटींचंही तसंच. तळहाताएवढी चौकट, तिच्यावर त्या घरातून ओढून नेलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल आणि शेवट. १९९६ साली क्रॉइत्सबेर्गमध्ये त्याने बर्लिनमधल्या पहिल्या चौकटी परवानगी न घेताच बसवल्या. आता युरोपभर त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेलीय. म्युनिकच्या नगरपालिकेने मात्र सार्वजनिक फुटपाथावर त्यांना नकार दिला, आणि त्या नकारामागे तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोट क्नोब्लोख होत्या. मेलेल्यांच्या नावांवर लोकांनी पाय द्यावेत हे त्यांना अपमानाचं वाटतं. बर्लिनहून म्युनिकला बदलून जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक दिवस अचानक जाणवतं की इथे पायाखाली नावं नाहीत. का नाहीत, हे माहीत असेल तर त्याला दोन्ही शहरं कळली.

पण मला विचाराल तर विद्यार्थ्यांना न्यायची पहिली जागा श्योनेबेर्गमधला बायरिशेस फिअर्टेल, म्हणजे बव्हेरियन मोहल्ला. झाडं, खानदानी घरं, कोपऱ्यावर बेकरी. आइनस्टाइन एके काळी इथेच राहत. पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. दिव्यांच्या खांबांवर दहा-बारा फूट उंचीवर पाट्या आहेत, वाहतुकीच्या असाव्यात तशा. १९९३ साली रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नोक यांनी अशा ऐंशी पाट्या लावल्या. एका बाजूला बालवाडीच्या तक्त्यावर शोभेल असं साधं चित्र आणि उलट बाजूला नाझी काळातला एक नियम, तारखेसह. पावाचं चित्र, मागे जाऊन बघावं तर ज्यूंनी खरेदी दुपारी चार ते पाच या वेळातच करायची, जुलै १९४०. मांजराचं चित्र, मागे ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायला बंदी, १९४२. बागेतल्या कुठल्या बाकड्यावर बसायचं, मुलांनी कुठल्या शाळेत जायचं नाही, सगळं असंच. पाट्या लागल्या तेव्हा हे ज्यूद्वेष्ट्यांचं काम आहे असं समजून काही रहिवाशांनी पोलिसांना बोलावलं होतं.

या पाट्यांमध्ये प्रेतं नाहीत, छावण्या नाहीत. आहे तो रोजचा कारभार. आणि परदेशी विद्यार्थ्याला पहिलं वर्षभर रोजचा कारभारच तर कळत असतो. कुठल्या खात्यात वर्षाचे किती युरो अडकवून ठेवायचे, आठवड्याला किती तास काम करायची मुभा, कुठला फॉर्म कुठल्या खिडकीवर. हा कारभार त्याच्या भल्याचा आहे, नाझींच्या त्या कारभाराशी याची बरोबरी करणं मूर्खपणाचं होईल. तरीही नियम आधी येतो आणि शेजाऱ्याची नजर त्यामागून बदलते, हे कळायला त्या मोहल्ल्यातल्या तासाभराच्या फेरफटक्यासारखं दुसरं साधन नाही. आणि जे विद्यार्थी आपल्याकडे पाणवठ्याचे नियम वाचून आलेत, महाडचं तळं आणि १९२७ साल ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना बाकड्याची पाटी कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

सगळेच तेवढे वाचून येत नाहीत, हेही खरं. भारतीय मुलांच्या गटात एक प्रश्न हमखास येतो, असं तिथले गाइड सांगतात, कुणी हसत तर कुणी वैतागून: 'पण त्याने रस्ते चांगले बांधले, शिस्त आणली, नाही का?' हा प्रश्न मुलं घरून घेऊन आलेली असतात. 'माइन काम्फ' पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर यशाची गुरुकिल्ली देणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी विकायला असतं. २००६ साली खारघरमध्ये एका हॉटेलाला हिटलरचं नाव दिलं गेलं होतं आणि ओरड झाल्यावर ते बदलावं लागलं. 'इथे एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य आपल्या लग्नाच्या पंगतीत सहज ऐकू येतं, म्हणणारा माणूस एरवी भला असतो. छत्रीवाला गाइड हा प्रश्न विनोदात उडवतो, टिपेवर त्याचं पोट आहे. चांगला गाइड तिथे थांबतो. कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता १९३२ साली, हिटलर सत्तेवर येण्याआधी, कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी खुला केला होता, इथून तो सुरुवात करतो. मग उलट विचारतो, शिस्त कुणासाठी होती, कुणाच्या अंगावर होती? त्यावर जी वादावादी होते ती फेरीतली सगळ्यांत मोलाची वीस मिनिटं. अशा वेळी पाहुण्याच्या घरचं भांडणही चव्हाट्यावर येतं, आणि ते यायलाच हवं.

आता दालेमची गोष्ट, जी मराठी विद्यार्थ्याला तरी चुकवू देऊ नये. शहराच्या नैर्ऋत्येला झाडीत पसरलेल्या या भागात १९४८ साली, शहर दुभंगत असताना, फ्राय युनिव्हर्सिटेट स्थापन झालं. तिथल्या इनेश्ट्रासे २२ या इमारतीत आज राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२७ साली ही इमारत कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजनन विभागासाठी उभी राहिली. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत जाऊन तिथल्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन नाव कमावलेला हा माणूस. १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. पुढे त्याच्या जागी फर्शुअर आला, आणि फर्शुअरचा जुना साहाय्यक योसेफ मेंगेले याने आउशवित्झहून माणसांच्या शरीराचे नमुने पाठवले ते याच पत्त्यावर.

याच संस्थेत १९२८च्या अखेरीला पुण्याहून एक बावीस-तेवीस वर्षांची विद्यार्थिनी दाखल झाली. इरावती कर्वे. घुर्‍यांची विद्यार्थिनी, महर्षी कर्व्यांची सून. सासऱ्यांचा विरोध असताना जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन गेलेली. फिशरने तिला विषय दिला तो कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत हा फरक अधिक असतो आणि तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण आहे, असं गुरूचं अनुमान होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही, असं त्यांचं मोजमाप सांगत होतं आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. डॉक्टरेट मिळवून त्या परत आल्या. 'युगान्त' आपण सगळ्यांनी वाचलं. हा प्रबंध आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे.

इथे थांबून कौतुक करून पुढे जाणं सोपं आहे: एक मराठी मुलगी, परका देश, वंशवादी गुरू, आणि तिने सत्य सोडलं नाही. हे खरंच आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण भांडण दाखवायचं म्हटलं तर आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. त्या कवट्या ज्या माणसांच्या होत्या त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मोजणारीच्या हाती त्या आल्या तेव्हा तिनेही ते विचारल्याचं दिसत नाही. दुसरं म्हणजे डोकी आणि नाकं मोजायची ती पद्धत इरावतीबाईंबरोबर पुण्याला आली. त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची अशी मोजमापं पुढे कित्येक वर्षं घेतली. निष्कर्ष गुरूचे नव्हते, हत्यारं मात्र त्याच्याच पेटीतली होती. हे म्हटल्याने बाईंचं मोठेपण कमी होत नाही. उलट एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही आपल्या विद्येची हत्यारं तपासून घेणं किती अवघड असतं, हे त्या इमारतीपुढे उभं राहून जेवढं कळतं तेवढं पुस्तकात कळत नाही.

आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. २०१४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयाजवळ खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली. पहिल्या खेपेला सापडलेल्या हाडांची पुरती चौकशी होण्याआधीच विल्हेवाट लागली, त्यावर टीका झाली. मग रीतसर उत्खनन झालं आणि सुमारे सोळा हजार तुकडे निघाले. ती कुणाची? छावण्यांतल्या बळींची, वसाहतींतून आणलेल्यांची, की दोन्ही? आणखी तपासण्या कराव्यात का? की मेल्यावरही त्यांना पुन्हा वंशांच्या खणांत वाटून घालायचं नाही म्हणून थांबावं? ज्यूंचे, सिंती-रोमांचे, आफ्रिकी वंशाच्या लोकांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि पुढच्या तपासण्या न करण्याचं ठरलं. मार्च २०२३ मध्ये ती हाडं दालेमच्या स्मशानभूमीत पुरली गेली. इमारतीवर १९८८पासून एक पाटी आहे. ती येण्यासाठीही विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना मागे लागावं लागलं होतं.

भुयारी रेल्वेने या विद्यापीठात येणारा मराठी विद्यार्थी आता पाहुणा उरत नाही. त्याच्या गावची एक मुलगी शंभर वर्षांपूर्वी या घरात बसून काम करत होती. या घराचं जे बरंवाईट, त्यात तिचाही वाटा आहे. 'हा त्यांचा इतिहास, आपण बघे' ही सोयीची भूमिका दालेममध्ये टिकत नाही. फेरीने साधायचं ते हेच.

यावर एक आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. भांडणात जागा आहे म्हणणं सोपं, पण व्हिसावर राहणाऱ्याला ती जागा कितपत सुरक्षित आहे? याच फ्राय युनिव्हर्सिटेटच्या आवारात ७ मे २०२४ रोजी गाझाच्या युद्धाविरुद्ध मांडलेला विद्यार्थ्यांचा तळ पोलिसांनी काही तासांत उठवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या एका आंदोलनावरून तीन युरोपीय आणि एक अमेरिकी नागरिक अशा चौघांना जर्मनी सोडायचे आदेश निघाल्याचं २०२५ साली उघड झालं. कुणालाही शिक्षा झालेली नव्हती, प्रकरण न्यायालयात गेलं. ज्यूंच्या संहाराची आठवण हा राज्याचा पाया मानणारा देश, आणि त्याच आठवणीच्या नावाने आज कुणी काय बोलावं हे ठरतंय असं म्हणणारे तिथलेच काही ज्यू लेखक. या सगळ्यात नाशिकहून आलेली, डोक्यावर पंचवीस लाखांचं कर्ज असलेली मुलगी काय करणार? ती गप्प राहील, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण गप्प राहणं आणि काही न कळणं यांत फरक आहे. विद्यापीठाच्या फेरीने निदान एवढं सांगावं की हे भांडण काय आहे, कायदा कुठली घोषणा गुन्हा मानतो, कुठल्या बाबतीत न्यायालयांचंही एकमत नाही आणि सल्ला कुणाकडे मिळेल. स्वागताच्या फेऱ्या नेमक्या याच ठिकाणी मुक्या होतात. १९३३वर तासभर बोलता येतं, परवाच्या गोष्टीवर नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मुलांकडे वेळ कुठे आहे? पहिल्या आठवड्यात खरंच नसतो. त्या दिवसांत डोक्यात खोली, विमा आणि बँक; शहराचं भांडण ऐकायला मन जाग्यावर लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यात छत्रीवाली फेरी खुशाल ठेवा, दुसरी ठेवा ती दुसऱ्या सत्रात. एव्हाना मुलांचा एकदा तरी घरमालकाशी वाद झालेला असतो, कुणी तरी ट्रेनमध्ये काही तरी बोललेलं असतं. तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न असतात. त्यातही बर्लिनमधली पुष्कळ भारतीय मुलं भरमसाट फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठांत आहेत. तिथे विद्यार्थी संघटना दुबळ्या, आणि फेरी म्हणजे माहितीपत्रकात छापायचा फोटो. त्यांच्यापर्यंत ही दुसरी फेरी कशी पोचवायची हा खरा अडचणीचा भाग आहे. शहरातल्या मराठी मंडळींनी गणपती आणि दिवाळीच्या जोडीला एखादी दालेमची फेरी काढली तर निदान सुरुवात होईल.

गाइड कोण असावा, यावर बर्लिनने स्वतःच उत्तरं शोधली आहेत. साक्सेनहाउझनच्या छावणीत फेरी न्यायची तर स्मारकाची मान्यता घ्यावी लागते. तिथे १९४५पर्यंत नाझींनी माणसं डांबली आणि त्यानंतर १९५०पर्यंत सोव्हिएतांनी, आणि दोन्ही सांगताना एकाने दुसरं झाकू नये ही जबाबदारी ऐऱ्यागैऱ्यावर सोडत नाहीत. शहरात काही फेऱ्या एके काळी बेघर राहिलेली माणसं नेतात, आपण झोपायचो त्या पुलाखालून. २०१५पासून सीरिया आणि इराकमधून आलेले निर्वासित तिथल्या संग्रहालयांत अरबीत फेऱ्या घेऊ लागले. प्राचीन बॅबिलोनच्या इश्तार दरवाज्याबद्दल बगदादचा माणूस बोलायला लागला की तो दरवाजा इथे कसा आला, हे कुणाला विचारावं लागत नाही. म्हणजे नवख्याला शहर दाखवायला जुनाच रहिवासी लागतो असं नाही. दोन वर्षं राहिलेली, आपल्याच मुलखातली थोरली विद्यार्थिनी हे काम कदाचित अधिक चांगलं करील, तिला कुठे अडखळायला होतं हे आठवत असतं.

हे सगळं वाचून आपल्याला हळहळ वाटत असेल तर पुण्याकडेही पाहायला हरकत नाही. या शहरात इराणची, अफगाणिस्तानची, आफ्रिकेतल्या देशांची मुलं अनेक वर्षं शिकायला येतात. एका सत्रापुरते येणारे अमेरिकी विद्यार्थीही असतात. त्यांनाही आपण शहर दाखवतो. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, लक्ष्मी रोडवरची खरेदी, एखादी मिसळ. बरोबरचा गाइड पेशव्यांचा पराक्रम सांगतो आणि बस पुढे जाते. लाल महालातून डिसेंबर २०१०मध्ये दादोजी कोंडदेवांचा पुतळा का हलवला, संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७मध्ये कुणी आणि का नदीत टाकला, ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेत काय झालं, हे त्या मुलांना कोण सांगतं? भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली हे कदाचित सांगितलं जात असेल. पण तो वाडा स्मारकासाठी मोकळा करायला गाळेधारकांशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले आणि २०२३च्या डिसेंबरात तो पाडला गेला, याची वार्ता नसते. हे प्रसंग एकाच मापाचे नाहीत, आणि त्यांत चूक कुणाची यावर या लेखाचे वाचकही एकमेकांशी भांडतील. पण ज्या मुलाला हे प्रसंग ठाऊक नाहीत तो पुण्यात तीन वर्षं राहूनही पुण्याच्या बाहेरच राहिला.

लाल महालापासून भिडेवाडा, तिथून नदी ओलांडून संभाजी उद्यान आणि पुढे भांडारकर संस्था. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेपर्यंत फेरी आटोपते. बसचा नि तिकिटांचा खर्च नाही. सगळ्या बाजूंचं ऐकून घेतलेला, इंग्रजी आणि हिंदीत बोलू शकणारा इतिहासाचा एखादा एम.ए.चा विद्यार्थीही मिळून जाईल. कठीण आहे ते 'हे परदेशी मुलांना कशाला सांगता?' असं न विचारणारा विभागप्रमुख मिळणं.